दोन याद्या, एक किल्ली

आपले नाव एखाद्या सरकारी यादीत आहे की नाही, हे आता कारकून क्वचितच ठरवतो. दोन तक्ते एकमेकांना लावले जातात. नाव जुळले तर ते पुढच्या यादीत उतरते. जुळले नाही तर त्या माणसाचे काय होते, याविषयी फारसे कुणी बोलत नाही. या लावण्याला संगणकाच्या धंद्यात 'जॉईन' म्हणतात आणि तो ज्या भाषेत लिहितात ती एसक्यूएल. आपल्या ओळखीतली कित्येक मुले-मुली पुण्यात, बंगळुरात, आखातात याच भाषेवर पोट भरतात. पण ही भाषा आली कुठून, तिच्यामागे कोणत्या माणसांचे डोके होते आणि तिची एक साधी सवय आपल्यासारख्या नावाच्या लोकांना का महाग पडू शकते, हे मराठीत क्वचित लिहिले जाते.

आधी शब्दांची एक गंमत. दप्तर, तपशील, तारीख, दाखला, नक्कल, जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम. मराठी माणूस हिशेबाला बसला की या शब्दांवाचून त्याचे पान हलत नाही, आणि हे सगळे फारसी-अरबीतून आलेले आहेत. दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या कारभारात महसुलाची कागदपत्रे लिहिणारे हात पुष्कळदा मराठी होते. त्या हातांनी हे शब्द घरी आणले आणि आज ते कुणाला परके वाटत नाहीत. तेव्हा 'डेटाबेस' या शब्दाने दबून जाऊ नका. ते दप्तरच आहे, फक्त विजेवर चालते.

१९६० च्या दशकात अमेरिकेला चंद्रावर माणूस पाठवायचा होता. अपोलोच्या यानाला लागणारे सुटे भाग लाखोंच्या संख्येत होते. कोणता भाग कोणत्या भागात बसतो याचा हिशेब ठेवण्यासाठी आयबीएमने १९६६ पासून यान बनवणाऱ्या कंपनीच्या आणि कॅटरपिलर या ट्रॅक्टरवाल्या कंपनीच्या माणसांना बरोबर घेऊन एक दप्तर-पद्धत बांधली. तिचे पुढे नाव पडले आयएमएस. तिची रचना शजऱ्यासारखी होती. वर मूळ पुरुष, खाली मुलगे, त्यांच्याखाली नातू, आणि प्रत्येकाला वरचा बाप एकच. 'या यंत्रात कोणते स्क्रू आहेत' हे विचारले की उत्तर झटकन. 'हा स्क्रू कोणकोणत्या यंत्रांत आहे' असे उलटे विचारले की पंचाईत. शजरा वरून खाली वाचायला सोपा, पण खालून आडवे जायचे तर वाट लांब.

चार्ल्स बाखमन यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये याच सुमारास दुसरी वाट काढली होती. त्यांच्या रचनेत एका नोंदीला अनेक बाजूंनी धागे बांधता येत. १९७३ साली त्यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या भाषणात त्यांनी प्रोग्रॅमर म्हणजे नोंदींच्या समुद्रात वाट काढणारा नावाडी, अशी कल्पना मांडली. कल्पना सुंदर आहे. पण तिचा अर्थ असा की ज्याला समुद्र ठाऊक नाही त्याने प्रश्न विचारायचाच नाही. धागे कुठून कुठे गेले आहेत हे माहीत असलेला माणूस सुट्टीवर गेला की दप्तर मुके.

याला ज्यांनी सुरुंग लावला ते एडगर कॉड. इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावर १९२३ साली जन्म, ऑक्सफर्डमध्ये गणित, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक, नंतर न्यूयॉर्कला आयबीएममध्ये नोकरी. अमेरिकेत तेव्हा सिनेटर मॅकार्थींचा जमाना होता. माझ्याकडे कम्युनिस्टांची यादी आहे असे भर सभेत सांगायचे आणि लोकांच्या नोकऱ्या घालवायच्या, हा तो काळ. कॉड यांना हे मानवले नाही आणि १९५३ मध्ये ते कॅनडाला निघून गेले. काही वर्षांनी परतले, मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेट केली आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. याद्यांच्या दहशतीला कंटाळून देश सोडलेल्या माणसानेच पुढे याद्या जोडण्याचे शास्त्र लिहिले, हा योगायोग मला नेहमी खुणावतो. त्यापलीकडे त्यातून काही अर्थ काढायचा नाही.

जून १९७० मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. अकरा पानांचा, गणिती चिन्हांनी भरलेला. सांगणे मात्र साधे होते. धागे, शजरे सगळे टाकून द्या. माहिती फक्त सपाट तक्त्यांत ठेवा. दोन तक्त्यांतले नाते धाग्याने बांधू नका, दोन्हीकडे सारखी असलेली किंमत हेच नाते. लेखातले उदाहरण माल पुरवणारे, सुटे भाग आणि प्रकल्प यांचे आहे. एका तक्त्यात कोण कोणता भाग पुरवतो, दुसऱ्यात कोणता भाग कोणत्या प्रकल्पाला लागतो. दोन्हीत 'भाग' हा रकाना आहे, तो जुळवला की तिसरा तक्ता तयार. हाच जॉईन. आणि ज्या रकान्यावर जुळवायचे तो म्हणजे किल्ली.

आपल्या घरचे उदाहरण घेऊ. समजा एखादी जमात दरवर्षी गरजू मुलांना शिष्यवृत्ती देते. एकाच वहीत प्रत्येक रकमेपुढे मुलीचे नाव, गाव, शाळा, वडिलांचा धंदा असे सगळे लिहीत बसलो तर तीन हप्त्यांत तेच तीनदा लिहावे लागते. मुलीने शाळा बदलली की तीन जागी खोडा. एखादी जागा राहिली की वहीच स्वतःशी भांडायला लागते. म्हणून दोन तक्ते करायचे. 'विद्यार्थी' या तक्त्यात क्रमांक, नाव, गाव, शाळा. 'वाटप' या तक्त्यात क्रमांक, तारीख, रक्कम. एक गोष्ट एकाच जागी लिहायची, हा कॉड यांचा आग्रह. पण मग कुणाला किती मिळाले हे बघायचे तर तुटलेले पुन्हा जोडावे लागते. तक्ते फोडणे आणि जॉईन करणे हे एकाच विचाराचे दोन हात आहेत.

कॉड यांची भाषा गणितज्ञांची होती. ती माणसांच्या तोंडी बसवली आयबीएममधल्या डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोघांनी. गणित किंवा प्रोग्रॅमिंग न शिकलेल्या माणसालाही साध्या इंग्रजीसारख्या वाक्यात प्रश्न विचारता यावा, ही त्यांची जिद्द. १९७४ साली त्यांनी आपली भाषा मांडली, नाव 'सिक्वेल'. त्याच वर्षी, लेख सादर केल्यानंतर थोड्याच दिवसांत, बॉइस मेंदूतली रक्तवाहिनी फुटून वारले. तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. तक्ते नीट फोडण्याच्या एका नियमाला आजही बॉइस-कॉड असे नाव आहे आणि परीक्षेला बसणारी पोरे ते पाठ करतात. त्या बॉइसने आपली भाषा चालताना नीट पाहिलीसुद्धा नाही, हे पुस्तकात कुणी सांगत नाही. पुढे कळले की 'सिक्वेल' हे नाव ब्रिटनमधल्या हॉकर सिडली या विमान कंपनीच्या मालकीचे आहे. म्हणून त्यातले स्वर काढले आणि एसक्यूएल उरले. जुने लोक अजून सिक्वेलच म्हणतात.

त्या भाषेतला आपला प्रश्न असा दिसेल:

सिलेक्ट नाव, तारीख, रक्कम
फ्रॉम विद्यार्थी जॉईन वाटप
ऑन विद्यार्थी.क्रमांक = वाटप.क्रमांक
व्हेअर गाव = 'चिपळूण'

सिलेक्ट म्हणजे कोणते रकाने हवेत, फ्रॉम म्हणजे कोणत्या तक्त्यांतून, ऑन म्हणजे कोणत्या किल्लीने, व्हेअर म्हणजे कोणत्या अटीवर. नवी ओळ घालायला इन्सर्ट, बदलायला अपडेट, पुसायला डिलीट. रोजचे काम एवढ्यावर भागते. डिलीटपुढे व्हेअर लिहायचा राहिला तर अख्खा तक्ता पुसला जातो आणि भाषा 'नक्की का?' असे विचारत नाही. तिला दिलेली आज्ञा ती अक्षरशः पाळते.

या वाक्यात एक गोष्ट नाही, ती म्हणजे कसे शोधायचे. आधी चिपळूणच्या मुली काढायच्या की आधी सगळे वाटप चाळायचे, हे आपण सांगत नाही. सॅन होजेच्या प्रयोगशाळेत १९७४ ते १९७९ या काळात 'सिस्टिम आर' नावाचा प्रकल्प चालला. यंत्राने स्वतःच हिशेब करून सर्वांत स्वस्त वाट निवडायची, हे त्यात सिद्ध झाले. पॅट्रिशिया सेलिंजर यांचा त्या विषयावरचा १९७९ चा निबंध आजही या शास्त्राच्या पायाशी आहे. बाखमन यांचा नावाडी इथे बेकार झाला. बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि युजीन वाँग यांनी याच विचारावर 'इंग्रेस' उभे केले. आयबीएमला मात्र आपल्या चालत्या आयएमएसच्या पोटावर पाय द्यायची घाई नव्हती. तोवर लॅरी एलिसन आणि त्यांच्या भागीदारांनी आयबीएमचे छापील निबंध वाचून १९७९ मध्ये 'ऑरेकल' बाजारात आणले. आयबीएमची अशी पहिली विक्रीची वस्तू आली १९८१ मध्ये. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये अमेरिकेत एसक्यूएल प्रमाण भाषा ठरली आणि पुढच्या वर्षी जगात.

इथपर्यंतची कथा बहुतेक पुस्तकांत सापडते. मला थांबायचे आहे ते जॉईनच्या सवयीपाशी.

समजा आपल्या 'विद्यार्थी' तक्त्यात चाळीस नावे आहेत आणि 'वाटप' तक्त्यात त्यांपैकी सदतीस जणांच्याच नोंदी. वरच्यासारखा साधा जॉईन केला तर उत्तरात सदतीस मुले येतात. उरलेली तीन कुठे गेली? कुठेच नाही. संगणक चूक दाखवत नाही, इशारा देत नाही, तळाशी टीपही लिहीत नाही. समोर सदतीस जणांची स्वच्छ, नेटकी यादी येते. मूळ संख्या ज्याला ठाऊक नाही त्याला ती पूर्णच वाटते. साध्या जॉईनला 'इनर जॉईन' म्हणतात. जो दोन्हीकडे आहे तोच आहे, हा त्याचा कायदा.

दुसरा प्रकार 'आऊटर जॉईन'. त्यातला 'लेफ्ट जॉईन' लिहिला की डाव्या तक्त्यातली चाळीसही मुले उत्तरात येतात. ज्या तिघांचे वाटप सापडले नाही त्यांच्या रकमेच्या जागी 'नल' असे दिसते. म्हणजे गळालेले गळाले आहेत हे निदान दिसते. कॉड यांनी १९७९ च्या आपल्या एका लेखात नल आणि आऊटर जॉईन या दोन्हींचा सविस्तर विचार केला होता. पण प्रमाण भाषेत 'लेफ्ट जॉईन' हे शब्द आले १९९२ च्या आवृत्तीत. तोवर ज्याची त्याची वेगळी खूण. ऑरेकलमध्ये कंसात अधिकचे चिन्ह घालत. म्हणजे गाळणारा जॉईन भाषेबरोबरच जन्मला आणि न गाळणारा प्रमाण भाषेत यायला जवळजवळ दोन दशके गेली. नुसते 'जॉईन' लिहिले तर आजही गाळणाराच मिळतो.

आणि हा नल विचित्र प्राणी आहे. तो शून्य नव्हे, रिकामी जागाही नव्हे. त्याचा अर्थ 'माहीत नाही'. एसक्यूएलमध्ये खरे आणि खोटे यांच्या जोडीला तिसरे उत्तर आहे: अज्ञात. ज्या मुलीचे गाव लिहायचे राहिले आहे ती 'गाव चिपळूण आहे' या यादीत येत नाही हे ठीक. पण 'गाव चिपळूण नाही' या यादीतही ती येत नाही. दोन्ही याद्या छापा, एकमेकांशेजारी ठेवा, ती मुलगी दोन्हीत नाही. तिला शोधायचे तर 'गाव इज नल' असे मुद्दाम विचारावे लागते. म्हणजे जिच्याविषयी माहिती नाही अशी कुणीतरी असेल, हे प्रश्न विचारणाऱ्याला आधी सुचावे लागते.

आता किल्ली. क्रमांक असेल तर भांडण नाही. पण दोन वेगळ्या खात्यांची, वेगळ्या काळातली दप्तरे जुळवायची तर समान क्रमांक कुठून येणार? मग किल्ली होते नाव. आणि आपल्या नावांचे काय होते हे प्रत्येकाच्या घरातल्या ट्रंकेत पडलेले आहे. उर्दूत एकच असलेले शेख इंग्रजी अक्षरांत चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते आणि कुठे नुसते 'एसके' उरते. मोहम्मदचे एमडी होते, एमओएचडी होते. शाळेच्या दाखल्यावर महाराष्ट्राच्या रिवाजाप्रमाणे मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. पासपोर्टवर ते दोन रकान्यांत कोंबलेले. मुलगी लग्नाआधी खातून, लग्नानंतर बीबी किंवा बेगम. आपल्याला ती एकच व्यक्ती दिसते. बरोबरच्या चिन्हाला दिसतात दोन.

यावर अमेरिकेत जुना उपाय होता. पिट्सबर्गच्या रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये 'साऊंडेक्स' या पद्धतीचे पेटंट घेतले. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर गाळायचे, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यायचा. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यानंतर ज्या अमेरिकनांकडे जन्माचा दाखला नव्हता त्यांचे वय जुन्या जनगणनेतून सिद्ध करण्यासाठी या पद्धतीने सूची बनवल्या गेल्या. कागद नसलेल्या माणसाला सापडवण्यासाठी सरकारने केलेला तो खटाटोप होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आज अनेक डेटाबेसांत साऊंडेक्सची आज्ञा तयार मिळते. मी आपली नावे तिच्या नियमांतून काढून पाहिली. शेखची तीन प्रचलित स्पेलिंगे, शेवटी 'एच' असो वा नसो, सारखीच येतात: एस२००. पण 'एसके' घातले की एस०००. 'के' आणि 'एस' एकाच गटातले, शेजारी आले की दुसरे गिळले जाते. मोहम्मद आणि मुहम्मद दोन्ही एम५३०, शाब्बास. एमडी आणि एमओएचडी दोन्ही एम३००. म्हणजे लांब लिहिलेला मोहम्मद आणि आखूड लिहिलेला मोहम्मद काही केल्या भेटत नाहीत. ही पद्धत इंग्रजी आडनावांच्या कानाने बनली आहे. बनवणाऱ्याचा त्यात दोष नाही, पण आपल्या कामाला ती आहे तशी वापरणाऱ्याचा आहे.

हे सगळे किती गंभीर होऊ शकते ते आसामात दिसले. तिथल्या नागरिक नोंदवहीसाठी प्रत्येकाने आपला किंवा आपल्या पूर्वजाचा धागा १९५१ च्या नोंदवहीशी किंवा २४ मार्च १९७१ च्या मध्यरात्रीपर्यंतच्या मतदार याद्यांसारख्या कागदांशी जोडून दाखवायचा होता. जुन्या याद्या संगणकात घालून त्यांना संकेतांक दिले गेले. एकाच पूर्वजावर हक्क सांगणाऱ्यांचे वंशवृक्ष एकमेकांशी ताडून पाहिले गेले. कोणत्या कंपनीच्या कोणत्या प्रणालीत हे झाले तो मुद्दा नाही. काम जॉईनचेच होते: एका बाजूला आजचा माणूस, दुसऱ्या बाजूला पन्नास-साठ वर्षांपूर्वीची नोंद, मधे किल्ली.

सर्वांत कच्ची किल्ली होती ती लग्न झालेल्या बायकांची. जन्माची नोंद नाही, शाळा नाही, मतदार यादीत नाव आले तेच नवऱ्याच्या घरी. बापाशी जोडणारा कागद एकच, ग्रामपंचायत सचिवाचा दाखला. फेब्रुवारी २०१७ मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो दाखला निरुपयोगी ठरवला. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर तो पुन्हा ग्राह्य धरला. मधले महिने लाखो बायकांची किल्लीच काढून घेतलेली होती. ३१ ऑगस्ट २०१९ ला अंतिम यादी लागली. अर्जदार ३,३०,२७,६६१. यादीत आले ३,११,२१,००४. बाहेर राहिले १९,०६,६५७. त्यात मुसलमान होते, हिंदूही होते. या बाहेर राहिलेल्यांतले कोण खरोखर परके आणि कोणाचे नुसते स्पेलिंग परके, हे त्या आकड्यातून सांगता येत नाही. जुळले नाही एवढेच आकडा सांगतो. 'जुळले नाही' याचे भाषांतर 'नाही' असे करणारा संगणक नसतो, शासन असते.

जॉईनचा उलटा धोकाही आहे आणि कॉड यांनी १९७० च्याच लेखात त्याला नाव देऊन ठेवले होते: जोडणीचा सापळा. अमुक पुरवठादार तो भाग पुरवतो आणि अमुक प्रकल्पाला तो भाग लागतो, एवढ्यावरून त्या पुरवठादाराने त्याच प्रकल्पाला माल दिला असे ठरत नाही. वाट आहे म्हणून कुणी चालून गेला असे नव्हे. एका गावात एकाच नावाचे दोघे असतील आणि किल्ली नाव हीच असेल, तर एकाचे कर्ज दुसऱ्याच्या नावावर, एकाचा गुन्हा दुसऱ्याच्या खात्यावर, आणि यादी पुन्हा तितकीच नेटकी.

मी अशा याद्या लावतो तेव्हा आधी लेफ्ट जॉईन करतो आणि मग 'व्हेअर वाटप.क्रमांक इज नल' लिहून फक्त न जुळलेल्यांची वेगळी यादी काढतो. ती छापून मोहल्ल्यातल्या एखाद्या जाणत्या माणसासमोर ठेवतो. ते चष्मा लावून वाचतात. "हा एसके म्हणजे आपल्या मुकादमांच्या वाडीतला शेख ना? आणि ही तर फातिमा, मागच्या वर्षी लग्न होऊन दापोलीला गेली. तिच्या सासरचं नाव घालून बघा." घालून बघतो. बहुतेक वेळा जुळते.